माळ्यावरच्या ट्रंकेतली बांबूची गळकाठी: ओळख कशी पटवायची, मोल कसं ठरवायचं

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आजोबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. १९४७ नंतर एक साहेब कुटुंबासह विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं आजोबांना मासे धरायची एक काठी देऊन टाकली. ती इतकी वर्षं माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पडून होती. तीन तुकडे, शिवाय एक जादा बारीक तुकडा, कापडी पिशवी, काठीला सहा कडा आणि खालच्या टोपीवर पुसट अक्षरं. जुन्या सामानाच्या दुकानदारानं दीड हजार देऊ केले. भाचा म्हणतो, इंटरनेटवर अशीच काठी ऐंशी हजारांना लावलेली आहे. ताई विचारतात, ही नेमकी काय वस्तू आहे, हिची किंमत किती, आणि विकण्याआधी पॉलिश करून घेऊ का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पॉलिश करू नका. कुणाला करूही देऊ नका. पॉलिश पेपर नको, जवसाचं तेल नको, आणि पितळी भागांना चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही नको. आपल्या घरात पितळ दिसलं की हात शिवशिवतात, ते मला ठाऊक आहे. पण या वस्तूवर साचलेला काळपटपणा हाच तिचा दाखला असतो. तो एकदा गेला की परत आणता येत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. जळगावात जुन्या काठ्या आणि रिळं (गळाचा दोरा गुंडाळायची चाकं) दुरुस्त करायला लागून मला तीस वर्षं होत आली. सुरुवातीच्या काळात धुळ्याहून एक काठी आली होती, वार्निश काळं पडलेलं, जागोजागी तडे गेलेले. मी मन लावून ते सगळं वार्निश खरवडून काढलं आणि नवं चढवलं. काठी आरशासारखी चमकली. मालकही खूश झाले. दोन महिन्यांनी त्यांनी मुंबईच्या एका संग्राहकाला दाखवली, तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मुठीच्या वर शाईनं लिहिलेलं होतं, ते कुठे गेलं?" कारखान्याचं नाव, काठीचं मॉडेल, लांबी, सगळं वार्निशखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते मी कागदानं घासून टाकलं होतं. ती काठी कुणाची होती हे आता कधीच सिद्ध होणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त मऊ, किंचित ओलसर सुती फडकं फिरवा, लगेच कोरड्यानं पुसा आणि थांबा.

आता ही वस्तू काय आहे ते सांगतो.

तापीकाठचे आपले भोई बांधव गळासाठी अख्खा बांबू वापरतात. साहेबांची काठी तशी नसते. तुम्ही बुरूड आळीत कामट्या निघताना पाहिल्या असतील. बांबूची सगळी ताकद सालीला लागून असलेल्या दाट धाग्यांत असते, आतला गर ठिसूळ असतो. बुरूड जसा गर टाकून साल ठेवतो, तसंच काठी करणारा कारागीर करतो. तो बांबूच्या लांब कामट्या चिरतो, प्रत्येक कामटी त्रिकोणी तासतो आणि बुंध्याकडून शेंड्याकडे हळूहळू बारीक करत नेतो. मग अशा सहा कामट्या साल बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवल्या की आतून भरीव, बाहेरून सहा कडांची काठी तयार होते. तासण्यातला फरक इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. विलायतेत हिला स्प्लिट केन म्हणतात. कधी चार, पाच किंवा आठ कामट्यांच्याही काठ्या सापडतात, पण बहुतेक काठ्या सहाच्या. तुमच्या काठीला सहा कडा आहेत म्हणजे ती याच जातीची आहे. जुन्या घरांत ग्रीनहार्ट नावाच्या दक्षिण अमेरिकन लाकडाच्या काठ्याही निघतात. त्या गोल असतात आणि त्यांच्यावर कडा किंवा बांबूची पेरं दिसत नाहीत. लोक त्यांनाही बांबूच समजतात.

बांबूच्या बाबतीत एक गोष्ट खान्देशातल्या माणसानं जरूर लक्षात ठेवावी. एकोणिसाव्या शतकात या काठ्यांसाठी बांबू हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून जायचा, म्हणून त्याचं नाव कलकत्ता केन. आपण ज्याला मानवेल म्हणतो, सातपुड्याच्या उतारावर उगवतो तो भरीव बांबू, तीच ही जात. त्याच्यावर भाजल्याचे तपकिरी डाग असायचे आणि तयार काठीवरही ते दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारागीर चिनी बांबूकडे वळले. त्याला टोंकीन म्हणतात, पण तो येतो दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग भागातून. मॅक्क्लूर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्यातल्या 'अमाबिलिस' या शब्दाचा अर्थ लोभस. त्याची पेरं लांब, गाठी बसक्या आणि धागे फार दाट. उन्हात काठी धरून गाठी बघा. भाजल्याचे डाग असतील आणि गाठी जवळजवळ असतील तर काठी बहुधा जुन्या पिढीतली. गाठी दूर दूर आणि रंग एकसारखा गव्हाळ असेल तर टोंकीनची. तुमची काठी १९४७ च्या सुमारास वापरात होती, तेव्हा ती टोंकीनची असण्याची शक्यता जास्त.

वय ठरवताना घरातल्या आठवणींवर सरसकट विसंबू नका. मला एकदा अशीच सहा कडांची काठी दाखवून सांगितलं गेलं की ही औट्रम साहेबाची आहे. जेम्स औट्रमनं १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि १८३५ मध्ये तो खान्देश सोडून गेला. सहा कामट्यांच्या काठ्या कारखान्यात बनू लागल्या त्या १८७० नंतर, आणि औट्रम वारला १८६३ मध्ये. सांगणारे प्रामाणिकच होते, त्यांच्या पणजोबांनी तसं सांगितलं होतं. पण काठी स्वतःचं वय स्वतः सांगते, तेच धरून चालावं.

ते ती कसं सांगते? सगळ्यात सोपी खूण म्हणजे रेशमी बंध. गळाचा दोरा ज्यांतून ओवतात त्या छोट्या कड्यांच्या जागी तर रेशीम गुंडाळलेलं असतंच. पण दोन कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही इंच-दोन इंचांवर बारीक बंध असतील तर काठी बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. त्या काळी कामट्या सरसानं चिकटवत, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होणाऱ्या, आपले सुतार वापरायचे त्याच सरसानं. ओल आणि उष्णता लागली की तो सुटतो, म्हणून कारागीर वरून दोऱ्याचा आधार देत. १९३० नंतर हळूहळू रासायनिक गोंद आले, भरवसा वाढला आणि मधले बंध कमी कमी होत गेले. ही ढोबळ खूण आहे. काही कारखान्यांनी नुसत्या शोभेसाठी मधले बंध पुढेही ठेवले. म्हणून ती एकटी धरू नका, बाकीच्या खुणांशी ताडून बघा.

दुसरी खूण टोपीवरची अक्षरं. खडूची भुकटी बोटानं अलगद फिरवा, फुंकर मारा आणि मोबाईलचा उजेड एका बाजूनं तिरपा टाका. पुसट कोरीव अक्षरंही उमटतात. इंग्लिश कारखान्यांना राजघराण्याचा शिक्का मिरवायची हौस असायची, तिथे राजाचं नाव नीट वाचा. 'कै. पंचम जॉर्ज' अशा अर्थाचा उल्लेख असेल तर वस्तू १९३६ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो राजा त्या वर्षी जानेवारीत वारला. 'ऑक्युपाईड जपान' असं असेल तर १९४५ ते १९५२ मधली. महायुद्धानंतर जपानी बनावटीचे लाकडी पेटीतले संच पुष्कळ निघाले: पेटी देखणी, आत काठी, वर छोटंसं रीळ आणि रंगीत पिसांचे गळ. दिसायला फार सुंदर, आणि किंमत फार थोडी. पेटी बघून लोक भुलतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

नावांबद्दल बोलायचं तर हिंदुस्थानात सापडणाऱ्या काठ्या बहुतेक इंग्लिश असतात. हार्डी ब्रदर्स हे सर्वांत मोठं नाव. इंग्लंडच्या उत्तरेला ॲनिक गावात १८७२ पासूनचा कारखाना. त्यांच्या बांबूच्या काठ्यांवर 'पालाकोना' असं व्यापारी नाव असतं आणि बहुधा एक क्रमांकही. त्या क्रमांकावरून वर्ष काढता येतं, म्हणून तो जसाच्या तसा, पुढच्या अक्षरासकट उतरवून घ्या. त्यानंतर रेडिच गावातले ऑलकॉक आणि मिलवर्ड. रेडिच म्हणजे सुया आणि गळ बनवणारं गाव, तिथून साध्या माणसाला परवडतील अशा काठ्या जगभर गेल्या. लंडनचे फार्लो आहेत १८४० पासूनचे. ॲबरडीनचे शार्प आहेत, ते बांबू राळेत मुरवून घ्यायचे. आपल्या हवेत टिकायला शार्पच्या काठ्या मला सगळ्यात चिवट वाटल्या. मुंबईच्या काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे. तिथल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअरमधून साहेब लोक शिकारीचं आणि मासेमारीचं सामान घेत. दुकानाचं नाव असलेल्या काठ्याही मिळतात. त्या दुकानानं स्वतः बनवलेल्या नसतात, दुसऱ्या कारखान्याकडून करवून घेतलेल्या असतात. अमेरिकन नावं, लिओनार्ड, पेन, गॅरिसन, ही आपल्याकडे क्वचितच निघतात. पण निघाली तर हिशोबच बदलतो, ते पुढे येईल.

नाव सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका आणि सापडलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. मी नाव सगळ्यात शेवटी बघतो. आधी काठीची प्रकृती बघतो. ती कशी बघायची ते सविस्तर सांगतो, कारण खरी किंमत इथेच ठरते.

तुकडे पिशवीतून काढून सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवा: बुंधा, मधला आणि दोन्ही शेंडे. शिवणाच्या टेपनं प्रत्येकाची लांबी मोजा आणि लिहून ठेवा. चांगल्या कारखान्याच्या काठीत हे तुकडे बहुधा एकाच लांबीचे असतात. जोडात जाणारा नर भाग धरून एखाद-दीड इंचाचा फरक चालतो. दोन्ही शेंडे मात्र अगदी सारखे हवेत. एक शेंडा दुसऱ्यापेक्षा तीन इंचांनी आखूड असेल तर तो कधीतरी मोडला आणि टोकाची कडी परत बसवली, असं समजा. आखूड शेंडा हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लपणारं वैगुण्य आहे. दिसायला काठी धडधाकट असते, पण तिचा बारीक होत जाण्याचा हिशोबच मोडलेला असतो. माझ्या अनुभवात एकच शेंडा असलेली आणि तोही आखूड अशी काठी निम्म्या किमतीलाही जात नाही. उलट दोन सारखे, न वापरलेले शेंडे असतील तर ग्राहक स्वतःहून वर चढतो. तुमच्याकडे जादा शेंडा आहे ही मोठी जमेची बाजू आहे, तो जपा.

मग एकेक तुकडा डोळ्याशी धरून बंदुकीच्या नळीसारखं रोखून बघा. बाक दिसेल. थोडा बाक चालतो, तो वापराचाच असतो. भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं उभी ठेवलेली काठी मात्र धनुष्यासारखी होते. आता नखानं हळूच कडांवरून जा. दोन कामट्यांच्या सांध्यात नख अडकलं, बारीक काळी फट दिसली किंवा अलगद दाबल्यावर चर्र आवाज आला तर सरस सुटायला लागलाय. त्या तुकड्याला वाकवून बघू नका. दुकानात लोक पहिली गोष्ट तीच करतात. काठी जोडतात आणि छताला टेकवून वाकवतात. ऐंशी वर्षं कोरडी पडलेली काठी एका झटक्यात चिरते.

जोडाच्या धातूच्या नळ्या, ज्यांना फेरूल म्हणतात, त्या कसल्या आहेत ते बघा. चांगल्या काठ्यांना जर्मन सिल्व्हर असतं. आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणजे ॲल्युमिनिअमची, त्यामुळे गोंधळ होतो. इथलं जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. त्यात चांदी नसते. जुना झाला की तो पिवळट-करडा, मंद दिसतो. स्वस्त काठीला पितळेवर चकचकीत मुलामा असतो आणि घासल्या जागी पिवळं पितळ उघडं पडतं. जोड सरकवून बघा, हवा दाबली जाऊन सुटताना 'पॉक्' असा आवाज आला तर घट्टपणा शाबूत आहे. अडकलेला असेल तर पक्कड लावू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, प्रत्येकानं एक हात जोडाच्या अलीकडे आणि एक पलीकडे धरायचा आणि सरळ रेषेत ओढायचं. पिळायचं नाही. याला अपवाद हार्डीच्या लॉकफास्ट जोडाचा. तो फिरवून बंद होतो, आधी सोडवून घेतल्याशिवाय ओढला तर खुंटीच तुटते.

कड्या बघा. मुठीजवळच्या पहिल्या आणि शेंड्याच्या शेवटच्या कडीत कधी कधी अकीक बसवलेला असतो, खंबायतचे कारागीर ज्याचे मणी करतात तोच दगड. दोरा घासून धातूला खाचा पडू नयेत म्हणून. अकीक तडकलेला नसेल तर उत्तम. मुठीचा बुच (कॉर्क) उंदरांनी किंवा कसरीनं खाल्लाय का, तेही बघा. सगळ्या तुकड्यांवरच्या बंधांचा रंग, वार्निशची छटा आणि नळ्यांची घडण एकच आहे ना? बुंधा एका काठीचा आणि शेंडा दुसरीचा, अशा जोडून केलेल्या काठ्या बाजारात पुष्कळ असतात.

आपल्या भागाचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली, पत्र्याच्या ट्रंकेत किती होत असेल कल्पना करा. मग जूनमध्ये एकदम दमट हवा. बांबू आकसतो आणि फुगतो, सरस मऊ पडतो आणि परत कडक होतो. अशी साठ-सत्तर वर्षं गेली. कोकणातल्या काठ्या बुरशीनं जातात, आपल्याकडच्या सांध्यांतून सुटतात. म्हणून खान्देशातून काठी आली की मी सांधे आधी बघतो. त्यातही नळीच्या लगतची दोन इंच जागा, कारण धातू तापतो आणि तिथला सरस सगळ्यात आधी हार मानतो. दुसरं दुखणं घुणाचं. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि पिशवीत पिठासारखी भुकटी दिसली तर ती काठी ताबडतोब वेगळी करा. विकत घेणारा ती संग्रहात ठेवणार नाही, कारण कीड शेजारच्या काठ्यांना लागते. आजपासूनच काठी ट्रंकेतून काढा, सुती पिशवीत घालून घरातल्या थंड खोलीत, बाहेरची उन्हं न लागणाऱ्या भिंतीवर उभी टांगून ठेवा. टेकवून नाही, टांगून. पिशवी धुवायची असेल तर आधी तिच्यावर लेबल किंवा शाईची अक्षरं नाहीत ना, ते बघा. असतील तर धुऊ नका.

आता किमतीचं. दुकानदाराचे दीड हजार आणि भाच्याचे ऐंशी हजार, दोन्ही आकडे सध्या बाजूला ठेवा. इंटरनेटवर लावलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. ती वस्तू त्या भावाला गेली का, हे बघायचं. इंग्लंडमधल्या मलक्स, अमेरिकेतल्या लँग्ज अशा लिलावघरांचे निकाल बघता येतात, लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकले गेलेले' असा वेगळा शोध करता येतो. तिथे चित्र फार वेगळं दिसतं. रेडिचच्या साध्या काठ्या चांगल्या अवस्थेतही दोन आकडी पौंडांतच जातात. हार्डीची नेहमीची ट्राउट माशासाठीची काठी, धडधाकट असेल तर साधारण शंभर ते तीनशे पौंड. सामन नावाच्या मोठ्या माशासाठीच्या तेरा-चौदा-सोळा फुटी हार्डी काठ्या भव्य दिसतात, पण त्या खूप बनल्या आणि इतकं वजन दिवसभर पेलणारे हात आता कमी आहेत, म्हणून त्या शंभर पौंडांच्या खालीही मिळतात. लांब म्हणजे महाग हा समज उलटा आहे. अमेरिकन संग्राहक तर आठ फुटांच्या आतल्या काठीला नऊ फुटीपेक्षा बराच जास्त भाव देतात. गॅरिसन, पेन अशा नावांच्या अस्सल काठ्या हजारो डॉलरना जातात, पण त्या मोजक्याच बनल्या.

हे झाले तिकडचे भाव. आपल्याकडे असा जमलेला बाजार नाही. इथे गिऱ्हाईक तीन प्रकारचं. एक खरा संग्राहक, जो विलायती भावातून आणायचा खर्च आणि कटकट वजा करून बोलतो. दुसरा जुन्या काठीनं मासे धरायची हौस असलेला, त्याला सांधे आणि जोड मजबूत हवेत, नावाशी फारसं देणंघेणं नाही. तिसरा हॉटेल किंवा रिसॉर्टच्या भिंतीवर टांगण्यासाठी घेणारा. याला मोडकी, आखूड शेंड्याचीही चालते आणि खरं सांगायचं तर खान्देशातून निघालेल्या बहुतेक काठ्या याच्याकडेच जातात. तुमचा दुकानदार या तिसऱ्याला पुढे विकणार आहे. त्याचा दीड हजारांचा भाव एखाद्या बेनाव, सुटलेल्या काठीसाठी अन्याय नाही. पालाकोना लिहिलेल्या, दोन सारख्या शेंड्यांच्या काठीसाठी तो मी कधीच स्वीकारू देणार नाही.

ट्रंकेत अजून काय आहे, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही. परत एकदा तळापर्यंत बघा. काठीपेक्षा रीळ महाग, असं अनेकदा होतं. हार्डीचं 'परफेक्ट' रीळ १८९१ पासून विकलं जाऊ लागलं, त्याचे सुरुवातीचे पितळी नमुने काठीच्या कितीतरी पट जातात. रीळ सापडलं तर त्यावरचा तपकिरी थर तसाच ठेवा, चिंचेची गोष्ट पुन्हा आठवा. फिरत नसेल तर जोर लावू नका, आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असतं. ती पाच मिनिटांची दुरुस्ती आहे.

पिसांच्या गळांचा डबा सापडला तर तो वेगळा काढा. अशा जुन्या गळांत रानकोंबड्याची, मोराची, इतर पक्ष्यांची पिसं असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अशी वस्तू विकणं किंवा परदेशी पाठवणं अंगाशी येऊ शकतं. ते गळ घरात ठेवा, काठीसोबत विकायला काढू नका. तसंच काठी शंभर वर्षांहून जुनी आहे असं ठरलं आणि परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं, तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आड येतो. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेऊन मगच पार्सल करा. तुमची काठी तितकी जुनी नसावी, पण टोपीवरची अक्षरं वाचून खात्री करून घ्या.

दुरुस्ती करून विकावी का, असंही पुष्कळ जण विचारतात. एखादी कडी सुटली असेल, एखादा बंध उकलला असेल तर तेवढंच, त्याच रंगाच्या रेशमानं बांधून घेणं योग्य. सांधा सुटला असेल तर तो चिकटवणं हे जाणकाराचं काम. पण संग्राहकाला विकायची असेल तर तसंही करू नका, त्याचा माणूस त्याच्या पसंतीनं करेल. आणि मासे धरायला घेणाऱ्याला विकायची असेल तर दुरुस्ती करूनच द्या, नाहीतर पहिल्याच माशाला काठी त्याच्या हातात दोन होईल आणि दोष तुमच्याकडे येईल.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून माझा अंदाज: तीन तुकडे, दोन शेंडे, सहा कडा, कोरलेली टोपी, म्हणजे दोन महायुद्धांच्या दरम्यानची किंवा १९४० च्या दशकातली मध्यम ते चांगल्या प्रतीची इंग्लिश काठी. लांबी आठ ते दहा फूट असेल. लांबी, दोन्ही शेंड्यांचं माप, टोपीवरची अक्षरं आणि सांध्यांची हालत या चार गोष्टी कळल्या तर हा अंदाज पक्का करता येईल. फोटो काढताना काठी पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात ठेवा, फ्लॅश नको. शेजारी टेप ठेवा. टोपी, मुठीच्या वरचा भाग, प्रत्येक जोड आणि दोन्ही शेंड्यांची टोकं जवळून घ्या.

अजून एक काम करा, आणि ते घरातली जुनी माणसं आहेत तोवर करा. साहेबाचं नाव काय होतं, तो लोकोत होता की ट्रॅफिकमध्ये, रेल्वे कॉलनीत कुठल्या बंगल्यात राहायचा, मासे धरायला हतनूरकडे तापीवर जायचा की वाघूरवर, काठी दिली तेव्हा काय म्हणाला, हे आईला किंवा मामांना विचारून एका कागदावर लिहा. खाली तारीख आणि त्यांची सही घ्या. आजोबांचा सर्व्हिस बुकचा उतारा किंवा साहेबासोबतचा फोटो असेल तर त्याची प्रत जोडा. नुसत्या तोंडी गोष्टीला लिलावात पैसा मिळत नाही, सही केलेल्या कागदाला थोडाफार मिळतो. तो कागद काठीच्या पिशवीत नाही, वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे शाईचा डाग बांबूला लागणार नाही.